कुस्को ते ला पाझ, मार्गे पॉइंट कुक

शैलेंद्र खांबेटेने आयुष्यात एकही गोष्ट अभ्यासाशिवाय केली नाही, आणि अभ्यासामुळे बऱ्याच गोष्टी केल्याच नाहीत. चिंचवडहून मेलबर्नला आल्यावर त्याने घर घ्यायचं मनावर घेतलं. कुठल्या उपनगरात पाणी तुंबतं, कुठे वाळवी लागते, कुठल्या शाळेत गणित नीट शिकवतात, याचा त्याने इतका कसून शोध घेतला की शोध संपेपर्यंत स्टेशनाजवळची घरं संपली. शेवटी पॉइंट कुकच्या एका नव्या वसाहतीत घर मिळालं. तिथून स्टेशन गाठायला गाडी लागते आणि स्टेशनावर ती गाडी उभी करायला जागा मिळावी म्हणून उजाडायच्या आत निघावं लागतं. पण शैलेंद्रला विचाराल तर तो सांगेल, जमीन पक्की आहे.

नोकरीत मात्र हा स्वभाव त्याला चांगलाच फळला. एका आयटी कंपनीत तो प्रोग्रॅम मॅनेजर होता. काय काय बिघडू शकेल हे आधीपासून सांगत राहण्याचा त्याला पगार मिळे, आणि खरंच बिघडलं की 'मी म्हटलं होतं' असं म्हणायची संधी वर फुकट मिळे. ही संधी त्याने कधी वाया घालवली नाही. घरी नाही, दारी नाही.

त्याची बायको मंजिरी चिंचवडला असताना शाळेत भूगोल शिकवायची. इथे आल्यावर ती एका बालसंगोपन केंद्रात लागली, तिथे तिला भूगोलातलं फारसं काही लागेना. वर्षानुवर्षं तिने आठवीच्या पोरांना अँडीज पर्वत शिकवला होता, त्यातलं उंच पठार शिकवलं होतं, त्या पठारावरचं टिटिकाका सरोवर फळ्यावर निळ्या खडूने काढलं होतं. तिची आयुष्यात एकच मोठी हौस होती. पेरूतल्या कुस्को शहरातून बोलिव्हियातल्या ला पाझ शहरापर्यंत बसने जायचं. विमानाने नाही. "विमानातून पठार कळत नाही," ती म्हणायची. "आपण हळूहळू वर चढतोय, झाडं संपतायत, गवत सुरू होतंय, हे खिडकीतून दिसायला पाहिजे."

तिने ही हौस नवऱ्याला बोलून दाखवली, इथेच तिचं चुकलं. शैलेंद्रने ती लगेच स्वतःकडे घेतली. दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून इतकी उंच, की आपल्या महाबळेश्वरावर दुसरं महाबळेश्वर ठेवलं तरी त्यांच्या खालीच राहील, तेव्हा हे काम असंतसं चालणार नाही, असं त्याने जाहीर केलं. कुठल्या महिन्यात पाऊस, कुठल्या महिन्यात रस्ता रोको, कुठल्या बसची सीट किती मागे जाते, कुठल्या बसचा संडास चालू असतो. एक वर्ष गेलं, दोन गेली. दोन हजार एकोणीसच्या जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, सगळं जुळून आलं होतं. रजा होती, तिकिटं होती, मंजिरीने लोकरीच्या टोप्यासुद्धा आणल्या होत्या. तेव्हा शैलेंद्रला कुठल्याशा संकेतस्थळावर एका जर्मन प्रवाशाने लिहिलेलं सापडलं की बसमध्ये हीटर नीट चालत नाही. तो म्हणाला, अजून एक मोसम बघू, लोक काय लिहितात ते वाचू, योग्य वेळ आली की जाऊच. मंजिरीने टोप्या कपाटात ठेवल्या.

मग करोना आला. देशाच्या सीमा बंद झाल्या, मग राज्याच्या, आणि मेलबर्नमध्ये तर घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा हुकूम निघाला. शैलेंद्रचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. "बघ," तो मंजिरीला म्हणाला, "गेलो असतो तर तिकडेच अडकलो असतो."

"आपण मागच्या वर्षी जाणार होतो," मंजिरी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. रिस्क होतीच."

यावर कुठल्याही बाईने हातातलं लाटणं फेकून मारलं असतं. मंजिरीने पोळी लाटली. तिला रोज परवाना दाखवून केंद्रात जावं लागत होतं, इस्पितळात काम करणाऱ्यांची मुलं सांभाळायला. घरी भांडायला तिच्या अंगात त्राण उरत नव्हतं. शैलेंद्र घरूनच काम करायचा. स्टेशनावर गाडी लावायची धावपळ वाचली होती, आणि तो वाचलेला सगळा वेळ त्याने अँडीजला दिला.

संगणकावर रस्त्याची चित्रं दिसतात ना, तशी त्याने कुस्कोपासून ला पाझपर्यंत अख्खा रस्ता एकेक पाऊल पुढे सरकवत बघून काढला. कुठल्या गावात गतिरोधक आहेत हे त्याला पाठ झालं. वाटेत टिटिकाका सरोवर अरुंद होतं त्या टिकिनाच्या सामुद्रधुनीपाशी प्रवाशांना उतरवून वेगळ्या होडीत घालतात आणि रिकामी बस तराफ्यावरून पलीकडे नेतात, हे कळल्यावर तो आठवडाभर अस्वस्थ होता. आपलं सामान बसमध्ये आणि आपण होडीत, हे त्याला पटत नव्हतं. तेवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि भात मात्र कच्चाच राहतो, म्हणून त्याने एक छोटा कुकर मागवला. पाच किलोमीटरच्या आत अडकलेला माणूस चार हजार मीटरवरच्या वरणभाताची सोय करत होता.

मग त्याने रंगीत तालीम काढली. मराठी माणसाला तालमीशिवाय चैन पडत नाही, आणि आयटीतल्या माणसाला टेस्टिंगशिवाय. एका रविवारी सकाळी त्याने गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीला बस म्हणून घोषित केलं. गाडीच्या काचेला त्याने टॅबलेट लावला. त्यावर कुणा हौशी प्रवाशाने कुस्कोहून निघालेल्या बसच्या पुढच्या काचेतून घेतलेलं चित्रीकरण होतं. गाव येईपर्यंत उतरायचं नाही, पाणी बेताने प्यायचं, असा नियम होता. त्यांची दहावीतली मुलगी अनुष्का मागच्या सीटवर पाय दुमडून बसली आणि म्हणाली, "डॅड, धिस इज लिटरली अ होस्टेज सिच्युएशन." शैलेंद्रने तिला मास्क नीट लावायला सांगितला.

मंजिरी आली, कारण तिला बाकी कुठे जाताच येत नव्हतं. पहिला तासभर ती नुसती बसून होती. मग रस्ता चढू लागला. हळूहळू झाडं विरळ झाली, मग संपली, आणि दोन्ही बाजूंना पिवळं गवत पसरलं. मंजिरी पुढे सरकली. "अनुष्का, हे बघ, इचू गवत. याच्यावर लामा चरतात. आता खिंड येईल, आणि खिंडीनंतर पाणी उलट्या दिशेला वाहायला लागेल. सगळं पाणी त्या तळ्यात." तिचा आवाज वर्गातला झाला होता. अनुष्काने फोन खाली ठेवला. पठार उघडत गेलं, आभाळ खाली आलं, आणि लांब क्षितिजापाशी एक बारीक निळी रेघ दिसू लागली.

शैलेंद्रने चित्र थांबवलं. "इथे हॉल्ट आहे," तो म्हणाला. "वीस मिनिटं. पाय मोकळे करून घ्या."

"जरा पुढे जाऊ दे ना," मंजिरी म्हणाली.

"असं कसं? ड्रायव्हर थांबला की थांबायचं. आपण ग्रुप टूरला नाही आलेलो."

मंजिरी दार उघडून उतरली, घरात गेली, आणि परत आली नाही. आतून चहाची भांडी वाजत राहिली. संध्याकाळपर्यंत शैलेंद्र एकटाच गाडीत बसून ला पाझला पोचला. त्याचे पाय खरोखर सुजले होते. मुक्कामाला पोचल्यावर त्याने तालमीचा निष्कर्ष लिहून काढला, त्यात एक धोका नव्याने घातला: प्रवासी मध्येच उतरण्याची शक्यता.

इतका अभ्यास झाल्यावर तो आपल्याजवळच ठेवणं हे पाप. मराठी मंडळाचा सेक्रेटरी विनय शेजवलकर त्या दिवसांत दर शनिवारी झूमवर काही ना काही कार्यक्रम ठेवायचा. कोणी ओव्या म्हणायचं, कोणी आंबवलेल्या पावाची कृती दाखवायचं. त्याने शैलेंद्रला गळ घातली, आणि शैलेंद्रने कुस्को ते ला पाझ या बसप्रवासावर व्याख्यान दिलं. व्याख्यान म्हणजे काय विचारता. त्यात गावं होती, वळणं होती, थंडी होती, कुठल्या टपरीवर मक्याचं कणीस चांगलं मिळतं तेही होतं. घरात कोंडलेल्या लोकांनी दीड तास डोळे मिटले नाहीत. "बसून बसून पाय सुजतात," शैलेंद्र म्हणाला, "हे मी अनुभवाने सांगतो."

शेवटी प्रश्न झाले. शोभाकाकू नावाच्या वयस्कर बाई होत्या, त्यांनी माइक कसाबसा चालू करून विचारलं, "विरळ हवेचा तुम्हाला त्रास झाला का हो?"

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. काकू, मी गेलेलो नाही, एवढंच. शैलेंद्रने पडद्यावर बघितलं. चौकटी चौकटीत बसलेली ती सगळी माणसं माना पुढे करून त्याच्याकडे बघत होती. ऑफिसात त्याच्याकडे असं कोणी बघत नसे. घरात तर नाहीच. "पहिले दोन दिवस डोकं जड राहतं," तो म्हणाला. "कोकाच्या पानांचा चहा घ्यायचा, आणि सावकाश चालायचं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, असं त्याने नंतर मंजिरीला पटवायचा प्रयत्न केला. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "डोकं कधी जड झालं तुझं?" तिने विचारलं.

"मी जाऊन आलो असं कुठे म्हटलं?"

"नाही आलो असंही नाही म्हटलंस," मंजिरी म्हणाली, आणि तिने दिवा घालवला.

त्या दिवसापासून तो बोलिव्हियावाले खांबेटे झाला. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि त्यालाही तिथली हवा मानवली. कोणाला जपानला जायचं असो की टास्मानियाला, आधी त्याला फोन. सिडनीच्या मंडळाने त्याला झूमवर बोलावलं, तिथल्याच टूनगॅबीच्या एका कुटुंबाने तर पोराच्या शाळेच्या प्रकल्पासाठी त्याची मुलाखत घेतली. मंजिरी ऐकत राहिली. दोन हजार एकवीस साल असंच गेलं, कधी दार उघडं, कधी परत बंद.

बावीस साली सीमा उघडल्या. मंजिरीने कपाटातल्या टोप्या काढून उन्हात टाकल्या आणि एवढंच विचारलं, "जुलैत?" शैलेंद्रने कपाळाला आठ्या घातल्या. नवा व्हेरिएंट आहे, तिकडे डिझेलवरून संप चाललेत, जुने टाइमटेबल सगळे बदललेत, म्हणजे सगळा अभ्यास नव्याने. पुढच्या वर्षी नक्की. योग्य वेळ आली की बघ. मंजिरीने टोप्या उलट्या करून दुसऱ्या बाजूने उन्हात ठेवल्या.

त्याच आठवड्यात विनयचा फोन आला. मंडळातल्या चौदा जणांनी जुलैत जायचं ठरवलं होतं, शैलेंद्रच्याच आराखड्यावर, एक छोटी बस पूर्ण ठरवून. "तुला विचारलं नाही रे," विनय म्हणाला, "तू काय, जाऊन आलेला माणूस. परत त्याच रस्त्याने कशाला येशील? पण वहिनींना विचार, त्या बहुतेक तेव्हा आल्या नव्हत्या ना?"

फोन स्पीकरवर होता. मंजिरी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मी येते," ती म्हणाली. "शैलेंद्रचं तर झालंय."

रात्रीचं जेवण झाल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली. रागावलेली दिसत नव्हती. "सांगून टाक त्यांना," ती म्हणाली. "हसतील दोन दिवस. मी पण हसेन. मग आपण दोघं जाऊ. मला तुझ्याबरोबर जायचंय, शैलेंद्र. तुझ्या आराखड्याबरोबर नाही."

बाकी कसाही असला तरी बायकोवर त्याचं प्रेम होतं, आणि तिने असं सरळ बोलून दाखवलं की त्याला काय करावं ते कळत नसे. "सांगतो," तो म्हणाला. "पण फोनवर नको. नीट सांगतो." आणि खरंच त्याने कबुलीची तयारी सुरू केली. कुठल्या शब्दात सांगायचं, आधी विनोद करायचा की आधी माफी मागायची, याचे दोन-तीन मसुदे झाले. पाडव्याचा कार्यक्रम दोन वर्षांनी पहिल्यांदा हॉलमध्ये प्रत्यक्ष होणार होता. तिथे सगळे एकत्र भेटणार. त्याहून चांगली वेळ कुठली?

पाडव्याला हॉल भरला. नऊवार्‍या आल्या, फेटे आले, श्रीखंडाचे डबे आले, कोणी मास्क लावून, कोणी हनुवटीला अडकवून. गुढीची पूजा झाली. मग विनय स्टेजवर गेला आणि म्हणाला की टाळेबंदीत ज्यांनी आपल्याला घरबसल्या जग दाखवलं त्यांचा आज सत्कार आहे. सत्काराचं शैलेंद्रला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मराठी मंडळ म्हटलं की सत्कार हा आलाच, पण त्याच्या तयारीत तो नव्हता. शोभाकाकूंनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि टाळ्या झाल्या. सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत, म्हणून माइक पुढे आला.

"त्याआधी एक घोषणा," विनय मध्येच म्हणाला. "आपल्या गटातल्या विश्रामच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे तो येत नाहीये. म्हणजे बसमध्ये एक सीट रिकामी झाली, वहिनींच्या शेजारची. शैलेंद्र, ओळखीतलं कोणी असेल तर सुचव. नो वरीज, आयत्या वेळी सांगितलंस तरी चालेल."

इतकं कोणासाठी कोणी सोपं करून ठेवत नाही. मंजिरी पहिल्या रांगेत बसली होती. तिने मांडीवर हात जुळवले होते आणि ती थेट त्याच्याकडे बघत होती. तिच्या ओठांच्या कडेला हसू सुद्धा आलं होतं. जणू ती म्हणत होती, चल, आता तरी. शैलेंद्रने नारळ डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने माइक धरला. पाठ केलेलं पहिलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. त्याने समोर बघितलं. दीडशे माणसं. शाल उबदार होती. नारळ हातात जड लागत होता. हे सगळं परत द्यावं लागेल, असं त्याच्या मनात आलं. शाल परत कशी देतात, याचा काही शिष्टाचार त्याला माहीत नव्हता.

"सीट भरू नका," तो म्हणाला. "रिकामीच राहू द्या. तिच्यावर बॅगा ठेवा, म्हणजे पायाखाली जागा होते. लांबच्या प्रवासात पाय फार महत्त्वाचे."

लोकांनी माना डोलावल्या. एकाने ते फोनमध्ये टिपून घेतलं. मंजिरीच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, फक्त ती आता त्याच्याकडे बघत नव्हती. टाळ्या झाल्या तेव्हा तिनेही वाजवल्या.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "तिथे एवढ्या लोकांसमोर बरं दिसलं नसतं. मी विनयला वेगळं सांगणारच आहे." मंजिरी म्हणाली, "बरं." जुलैपर्यंत तिने हा विषय पुन्हा काढला नाही. विमानतळावर सोडायला तो गेला. विनयने त्याला मिठी मारली, शोभाकाकूंनी त्याच्याकडून कोकाच्या चहाचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मंजिरीने त्याला फ्रीजमध्ये काय काय ठेवलंय ते सांगितलं आणि टोपी घालून आत गेली. दोन टोप्यांपैकी एकच.

बस कुस्कोहून निघाली त्या दिवशी गटाने आपलं ठिकाण फोनवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. तिकडे दुपार कलत होती, तेव्हा मेलबर्नमध्ये पुढच्या दिवसाची सकाळ झाली होती. शैलेंद्र चहाचा कप घेऊन टेबलापाशी बसला आणि नकाशावर सरकणारा ठिपका बघू लागला. त्याला प्रत्येक वळण माहीत होतं. खिंड गेली, गावं गेली, रस्ता उतरू लागला. आता दोन मिनिटांत तळं दिसणार हे त्याला इथे बसल्याबसल्या कळत होतं. त्याने गटावर घाईघाईने लिहिलं, 'आता डावीकडे बघा.'

ठिपका थांबला. इथे कुठलाही हॉल्ट नव्हता. आराखड्यात नव्हता, टाइमटेबलात नव्हता. त्याने परत लिहिलं, 'का थांबलात? काही प्रॉब्लेम?' त्याच्या शब्दांखाली कोणाचंच उत्तर येईना. अनुष्का डब्यात सँडविच भरत होती. तिने मागून वाकून पडद्यावर बघितलं आणि हळूच म्हणाली, "डॅड, यू कुड हॅव जस्ट टोल्ड देम." शैलेंद्रला एकदम रडू आलं, आणि ते लेकीला दिसू नये म्हणून त्याने कप तोंडाला लावला.

ठिपका बराच वेळ तिथेच होता. ते सगळे बसमधून खाली उतरले होते, आणि फोन बघायला कोणाला सवड नव्हती.